पावती, पागडी आणि पत

गिरणगावातल्या चाळीत दारामागच्या खुंटीला एक लोखंडी तार टांगलेली असे. खाली लाकडाची चकती, वर वाकवलेला आकडा. घरात येणारा प्रत्येक कामाचा कागद त्या तारेत ओवला जाई: वाण्याची चिठ्ठी, विजेचे बिल, दवाखान्याचा कागद. त्यांत सगळ्यांत जपायचा कागद म्हणजे भाडेपावती. भाडे असे आठ-दहा रुपये आणि पावतीवर मालकाच्या मेहत्याची गिचमीड सही. तरी पावसाळ्यात छत गळू लागले की घरातली कर्ती बाई आधी ती तार उतरवून ट्रंकेत ठेवी. रेशनकार्डाला पावती लागे, मुलाचे नाव शाळेत घालताना लागे, आणि मालकाने कोर्टात खेचलेच तर तीच साक्षीला उभी राही.

त्याच कुटुंबाचा नातू आज डोंबिवलीत किंवा पनवेलला भाड्याचे घर बघायला जातो तेव्हा एजंट त्याला फोनवर यादी पाठवतो. आधार, पॅन, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, कंपनीचे ओळखपत्र, दोन ओळखीच्या माणसांचे नंबर. या यादीच्या शेवटी अलीकडे कधीकधी एक ओळ वाढलेली असते: ‘सिबिल स्कोअर किती?’ नोकरी गेली त्या वर्षी क्रेडिट कार्डाचे हप्ते थकले असतील, किंवा भावाच्या कर्जाला जामीन राहिल्याचे निस्तरावे लागले असेल, तर तो आकडा घसरलेला असतो. भाडे मात्र या मुलाने एकाही महिन्यात चुकवलेले नसते. त्याची नोंद सिबिलच्या अहवालात कुठेच नसते.

अनोळखी माणसाला घर द्यायचे तर त्याला पारखायचे कसे, आणि ज्याची पत कच्ची आहे त्याने घर मिळवायचे कसे, या प्रश्नाशी मुंबई सव्वाशे वर्षे झगडते आहे. दर दोन पिढ्यांनी तिने वेगळा मार्ग काढला. त्या मार्गांवरून चालत गेले की आजच्या यादीतली एकेक ओळ कुठून आली ते कळते.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे रोगी सापडले आणि शहराच्या दाटीवाटीच्या वस्त्यांकडे सरकारचे लक्ष गेले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने कोंदट गल्ल्या पाडल्या, रस्ते काढले, काही चाळी बांधल्या. पण पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या खोल्या थोड्या पडल्या, आणि माणसे तर येतच होती. १९०१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. १९२१ मध्ये ती पावणेबारा लाखांवर गेली. १९२१-२२ मध्ये सरकारच्या मजूर कचेरीने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहताना आढळली.

रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेल्या या माणसांजवळ मालकाला दाखवायला कुठला कागद होता? पगार महिन्याने मिळे आणि तोही महिना उलटून काही दिवस गेल्यावर हाती येई. नवा कामगार पहिला दीड महिना उधारीवरच जगे. १९३१ साली रॉयल कमिशन ऑन लेबरचा अहवाल आला. बहुतेक औद्योगिक शहरांत किमान दोनतृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे, असा अंदाज त्यात नोंदवलेला आहे. गिरणीच्या दारात पगाराच्या दिवशी पठाण सावकार व्याजासाठी उभा असे. आजच्या मोजपट्टीने मोजले असते तर लालबाग-परळमधल्या दर तीन घरांपैकी दोन घरे नापास झाली असती.

तरी खोल्या मिळत होत्या, कारण त्या काळी मालक कामगाराच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे पाही. तो माणूस बहुतेक वेळा गिरणीतला जॉबर म्हणजे मुकादम असे. भरती त्याच्या हाती होती. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांवरच्या अभ्यासात दाखवून दिले आहे की मुकादमाची सत्ता गिरणीच्या फाटकाशी संपत नव्हती. आपल्या माणसांना खोली मिळवून देणे, वाण्याकडे त्यांचे खाते उघडून देणे, सावकाराकडे त्यांच्यासाठी शब्द टाकणे ही कामेही तो करी. काही मुकादम स्वतःच खोल्या घेऊन पुढे पोटभाड्याने देत. भाडे थकले तर मालक मुकादमाला गाठे आणि मुकादम कामगाराला. या हमीची किंमत कामगाराला दस्तुरी देऊन आणि मुकादमाच्या मर्जीत राहून मोजावी लागे.

दुसरी हमी गावाची. एका गावचे किंवा एका वाडीचे लोक वर्गणी काढून एक खोली घेत आणि तिला गावकऱ्यांची खोली म्हणत. वीस-पंचवीस पुरुष त्या खोलीत गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे झोपत. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा होई. जेवण खानावळवालीकडे. गावाहून नवा पोरगा आला की त्याच्या बापाचे नाव सांगितले की पुरे. त्याच्याजवळ महिनाभर पैसे नसले तरी ट्रंक ठेवण्यापुरती जागा त्याला मिळे, आणि त्याने वर्गणी बुडवली तर ती बातमी त्याच्याआधी गावच्या देवळात पोचे.

गोव्याच्या लोकांनी हीच रीत जास्त पक्की बांधली. धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्याच्या गावांचे ‘कूड’ उभे राहिले. इंग्रजीत त्यांना क्लब म्हणत. प्रत्येक कूड एका गावाचा. तिथे राहायला मिळे ते त्या गावच्याच माणसाला. बोटीवर नोकरी करणारे तारवटी, आचारी, बँडवाले अशी माणसे दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात तिथे उतरत. भिंतीलगत ओळीने पेट्या, रात्री अंथरलेल्या चटया, एका बाजूला वेदी आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायचे तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. बोटीची नोकरी संपली की खलाशाची कमाई थांबे. पुढची बोट दोन महिन्यांनी मिळेल की सहा, सांगता येत नसे. असल्या माणसाला कोणता मालक खोली देणार? कूड देत असे, कारण त्याला तो माणूस बाप्तिस्म्यापासून ठाऊक होता. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत असे कूड अजूनही पाहायला मिळतात.

गावाची ही हमी ज्यांना होती त्यांच्यासाठी शहराची दारे उघडत. ज्यांना ती नव्हती, किंवा ज्यांच्या जातीचे नाव ऐकताच दार लागे, त्यांचे काय होई याची सर्वांत ठळक नोंद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः करून ठेवली आहे. १९१७ साली ते परदेशातून परतून बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. संस्थानचा अधिकारी, अमेरिकेतला उच्चशिक्षित, पगार ठरलेला. भाडे देण्याची ऐपत हा प्रश्नच नव्हता. तरी बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सरायीत पारशी नाव लिहून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. मुंबईत त्यांचे बिऱ्हाड परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत होते. तिथे त्यांनी सुमारे दोन दशके काढली आणि पुढे दादरला ‘राजगृह’ बांधले.

भाडेकरूची चौकशी करण्याच्या रिवाजाचा हा भाग विसरून चालणार नाही. ‘माणूस कसा आहे’ या प्रश्नाआड पुष्कळदा ‘माणूस कोणाचा आहे’ हा प्रश्न असे. २०१५ मध्ये अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांविषयी केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. दलित आणि मुस्लिम घरशोधकांना मिळणारे नकार त्यात नोंदवलेले आहेत. अर्जातल्या आडनावाचे वजन अजून कमी झालेले नाही.

पहिल्या महायुद्धात मुंबईतली भाडी भडकली आणि १९१८ मध्ये सरकारने युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा कायदा आणला. खाजगी मालक पुरेशा चाळी बांधत नाहीत म्हणून १९२० मध्ये सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. याच त्या बीडीडी चाळी. १६० चौरस फुटांची एकेक खोली. गंमत वाटेल, पण सुरुवातीला यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या, कारण कामगाराला ते भाडे परवडत नव्हते आणि गिरण्याही दूर पडत. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा काही भाग तात्पुरता तुरुंग म्हणून वापरला गेला. छप्पर होते आणि माणसेही होती. दोघांची गाठ घालून देणारी पत नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाने पुन्हा टंचाई आणली. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले. या पार्श्वभूमीवर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. त्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवले. भाडेकरू ठरलेले भाडे देतो आहे किंवा द्यायला तयार आहे, तोवर मालकाला त्याला सहजी काढता येणार नाही अशी तरतूद केली. थकबाकी झाली तरी आधी लेखी नोटीस, मग महिन्याची मुदत, मग कोर्ट. मालकाने प्रत्येक भाड्याची पावती देणेही बंधनकारक झाले. दारामागच्या तारेतल्या त्या पावतीला वजन आले ते इथे. उधारीत बुडालेल्या, सावकाराच्या वहीत नाव असलेल्या माणसालाही आता एक गोष्ट ठामपणे सिद्ध करता येत होती: मी भाडे भरले आहे. कायद्याच्या लेखी भाडेकरूची पत म्हणजे त्याच्या पावत्या. त्याच्या बाकीच्या कर्जाशी मालकाचा काही संबंध नव्हता.

हे संरक्षण लाखो कुटुंबांना तारून गेले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांची कमाई थांबली. वाण्याने उधारी बंद केली, मंगळसूत्रे गहाण पडली. त्या काळात डोक्यावरचे छप्पर टिकले याचे मोठे कारण गोठलेले भाडे हे होते. दहा-पंधरा रुपयांचे भाडे घरातली बाई पापड लाटून, धुणीभांडी करूनही भरू शकत होती. भाडे बाजारभावाने असते तर संपाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच गिरणगाव रिकामे झाले असते.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एकदा आत आलेला भाडेकरू निघणार नाही आणि भाडे वाढणार नाही हे कळल्यावर मालकाची सगळी सावधगिरी उंबरठ्यावर गोळा झाली. आत घेताना चूक झाली तर ती पिढ्यान्‌पिढ्या भोगायची, असा त्याचा हिशेब होता. अनेकांनी भाड्याने द्यायच्या इमारती बांधणेच सोडून दिले. ज्यांच्या जुन्या इमारती होत्या त्यांना त्या भाड्यात डागडुजी परवडेना. पावसाळ्यात चाळी कोसळू लागल्या. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि उपकर भरणाऱ्या एकोणीस हजारांहून जास्त इमारती त्याच्या कक्षेत आल्या. आणि उंबरठ्यावर एक नवी परीक्षा उभी राहिली: पागडी.

डोक्यावरच्या पागोट्याचे हे नाव एका रोकड रकमेला पडले. कोलकात्यात तिलाच सलामी म्हणतात. खोली हवी तर आधी एकरकमी पागडी मोजायची, मग महिन्याचे किरकोळ भाडे. भाडेकरूला खोली दुसऱ्याला द्यायची झाली तर नव्या माणसाकडून आलेल्या पागडीतला वाटा, साधारण एकतृतीयांश, मालकाला द्यायचा आणि मालकाने नव्या नावाची पावती फाडायची. १९४७ च्या कायद्याने अशी रक्कम घेणे गुन्हा ठरवले होते. तरी शहरभर तो व्यवहार चाले, रोखीत आणि विश्वासावर.

पागडीने परीक्षेचे स्वरूप पार बदलले. मुकादमाचा शब्द नको, गावाचे नाव नको. एकदाच रक्कम मोजायची. गावची जमीन विकून, बायकोचे दागिने मोडून, नातेवाइकांकडून उसने घेऊन कोणी ती उभी करू शकला तर तो कर्जबाजारी आहे की नाही हे मालक विचारत नसे. ज्याला ती उभी करता आली नाही तो कितीही प्रामाणिक असला तरी झोपडपट्टीत गेला. मुंबईत एका बाजूला नाममात्र भाड्यात राहणारी कुटुंबे आणि दुसऱ्या बाजूला वाढत्या झोपड्या, हे चित्र दिसू लागले ते घडवण्यात पागडीचा मोठा हात होता.

मालकांनी आणखी एक वाट शोधली. पोटभाडेकरूंना १९५९ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले. मग मालक आणि जुने भाडेकरूही घर ‘भाड्याने’ न देता ‘वापरायला परवानगी’ देऊ लागले. हाच लिव्ह अँड लायसन्सचा करार. ‘भाडेकरू’ हा शब्द करारात येऊच द्यायचा नाही. १९७३ मध्ये सरकारने तीही वाट अडवली. १ फेब्रुवारी १९७३ ला अशा करारावर राहत असलेल्यांना भाडेकरूंचा दर्जा मिळाला. ज्यांना मिळाला त्यांची घरे पक्की झाली. पुढे घर शोधणाऱ्यांना मात्र दार आणखी घट्ट लागलेले दिसले. रिकामा फ्लॅट कुलूप लावून ठेवणे मालकांना बरे वाटू लागले. द्यायचाच तर कंपनीला किंवा बँकेला, म्हणजे तिच्या अधिकाऱ्याने राहायचे, करारावर सही कंपनीची. मोठ्या संस्थेची पत माणसाने अंगावर पांघरायची, हा उपाय तेव्हापासूनचा आहे. याच भीतीतून ‘हेवी डिपॉझिट’ची पद्धत रुजली. भाडे कमी किंवा अजिबात नाही, पण मोठी रक्कम मालकाकडे अडकून. माणूस गेला की रक्कम परत.

१९ डिसेंबर १९९७ ला सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात निकाल दिला. १९४० च्या पातळीवर भाडे गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात जुन्या भाडेकरूंचे संरक्षण राहिले. नोटिशीनंतर नव्वद दिवस आणि कोर्टाचे समन्स मिळाल्यावर आणखी नव्वद दिवसांत वर्षाला १५ टक्के व्याजासह थकबाकी भरली तर घर वाचते. पागडी घेण्या-देण्यावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला गेला. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडून लवकर बाहेर काढता येऊ लागले, आणि मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांसाठी दुप्पट शुल्क बसू लागले. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, हेही ठरले.

म्हणजे मालकाची मुख्य भीती, माणूस निघणारच नाही ही, कायद्याने बरीचशी दूर केली. उंबरठ्यावरची चौकशी त्यामुळे हलकी व्हायला हवी होती. तसे झाले नाही. तिच्यात नवे थर चढले. अकरा महिन्यांचा करार हा रिवाजच झाला, म्हणजे बिऱ्हाडकरूला दर वर्षी नव्याने पारखून घ्यायचे. दहशतवादी हल्ल्यांनंतरच्या वर्षांत पोलीस आयुक्तांच्या आदेशांनुसार भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे आवश्यक झाले. सोसायटीला कराराची प्रत द्यायची. घर भाड्याने दिले म्हणून सोसायटीला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त ना-वास्तव्य शुल्क घेता येत नाही, तरी कित्येक सोसायट्या भाडेकरूची जणू मुलाखतच घेतात: लग्न झाले आहे का, मांसाहार करता का, रात्री किती वाजता येता?

याच काळात पत मोजणारी नवी वही उघडली. २००० साली क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो म्हणजे सिबिल स्थापन झाले. २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. आज अशा चार कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली काम करतात. बँका, वित्तसंस्था, क्रेडिट कार्ड कंपन्या कर्जदाराची परतफेड या कंपन्यांना कळवतात आणि त्यावरून ३०० ते ९०० यांमधला आकडा तयार होतो. ७५० च्या वर असला की कर्ज देणारे तो चांगला मानतात. तडजोड करून मिटवलेले कर्जही अहवालात ‘सेटल्ड’ म्हणून दिसते आणि पत खाली ओढते. ज्याने आयुष्यात कर्जच घेतले नाही त्याच्याजवळ आकडाच नसतो.

ही वही बँकांसाठी आहे. घर भाड्याने देणारा सामान्य माणूस दुसऱ्याचा अहवाल परस्पर मागवू शकत नाही. तो भाडेकरूनेच आपणहून दाखवावा लागतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे घरमालक ही कर्जसंस्था नसल्यामुळे दरमहा चोख भरलेले भाडे त्या वहीत चढतच नाही. एखाद्या कुटुंबाने दहा वर्षे दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत वीस हजार रुपये भाडे दिले असेल. त्याच कुटुंबाने फ्रिजच्या कर्जाचे तीन हप्ते चुकवले असतील. अहवालात दिसतील ते तीन हप्ते. भाडेकरू म्हणून हा माणूस कसा, या प्रश्नाचे खरे उत्तर त्या दहा वर्षांत आहे आणि ते कोणी विचारत नाही.

मुंबईच्या इतिहासात असा आंधळा कोपरा उजळून दाखवणारे एक उदाहरण आहे. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका वर्षानुवर्षे सावकाराच्या व्याजात अडकलेल्या होत्या. तारण नाही, कागद नाही, पुष्कळ जणींना सही येत नव्हती. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. बायकांचे गट बांधले, एकीने दुसरीची हमी घेतली आणि राष्ट्रीयीकृत बँकेने त्यांना कर्ज दिले. त्या बायकांची पत आधीही होतीच. तीस-चाळीस माणसांचे जेवण रोज उधारीवर शिजवून महिनाअखेर हिशेब चुकता करणारी बाई हिशेबाला कच्ची कशी असेल? बँकेच्या कागदावर ती दिसत नव्हती, एवढेच. शेजारणीच्या हमीने ती दिसू लागली.

पत कच्ची असलेल्या भाडेकरूला आजही याच जुन्या वाटांनी जावे लागते, आणि त्या अजून बंद झालेल्या नाहीत. मुकादमाच्या जागी आज नोकरी देणारी कंपनी किंवा पगारदार नातेवाईक जामीन म्हणून करारावर सही करू शकतो. पागडीच्या जागी थोडे जास्त डिपॉझिट येते. त्यात एक खबरदारी घ्यायला हवी. ही रक्कम करारात लिहिलेली आणि बँकेतून दिलेली असावी, कारण रोखीत दिलेल्या रकमेसाठी भांडताना भाडेकरूच्या हातात काही उरत नाही. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी डिपॉझिटची मर्यादा दोन महिन्यांच्या भाड्याइतकी सुचवली आहे. मात्र तो कायदा राज्याने स्वीकारल्याखेरीज लागू होत नाही.

अहवालाबाबतही हातपाय गाळून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. फेडलेले कर्ज थकीत दिसत असेल, दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर चढले असेल, तर तक्रार करता येते. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. घर शोधायला निघण्यापूर्वी महिना-दोन महिने हे काम हाती घेतले तर चुकीच्या नोंदीपायी घर हुकणार नाही. आणि नोंद खरी असेल तर ती मालकाला आधीच, स्वतःहून सांगावी: कर्ज का थकले, आता किती उरले, गेल्या वर्षाचे भाडे कसे दिले. चाळीत नवा माणूस आला की गावचा कोणी म्हातारा त्याच्याविषयी मालकाला हेच सांगत असे. आता ते सांगणारे दुसरे कोणी नसल्यामुळे स्वतःच सांगावे लागते.

भाडेपावती अजून पूर्ण मेलेली नाही. घरभाडे भत्त्यावर प्राप्तिकराची सवलत घेणारे पगारदार दर वर्षी कंपनीला पावत्या देतात, आणि वर्षाचे भाडे १ लाखाच्या वर गेले तर मालकाचा पॅन क्रमांकही. म्हणजे भाडे भरल्याचा पुरावा तयार होतो, तपासला जातो, आणि मार्च संपला की फायलीत जाऊन पडतो. पुढचा मालक भाडेकरूला पारखायला बसतो तेव्हा तो पुरावा टेबलावर नसतो. ही चूक सुधारणे अवघड नाही.

घर भाड्याने देणाऱ्यांनी, आधीच्या भाडेकरूला निरोप देताना, त्याच्या हाती दोन ओळींचे पत्र द्यावे: अमुक वर्षे राहिले, भाडे वेळेवर दिले, घर नीट ठेवले. नव्या भाडेकरूला पारखताना स्कोअर मागण्याआधी असे पत्र आणि वर्षभराच्या भाड्याच्या नोंदी मागाव्यात. भाडे भरणाऱ्यांनी ते बँकेतून भरावे, दर महिन्याची पावती मागून घ्यावी, आणि आजीने तारेत ओवून ठेवल्या तशा त्या जपून ठेवाव्यात.